हाकेपुरतं नाव

मतदानाच्या दिवशी सकाळी वृषालीने आईला हाक मारली आणि हाक बाहेर पडलीच नाही. तोंड उघडलं, मान ताणली गेली, आणि बाहेर आली ती सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी नुसती फुस्स. चुलीपाशी बसलेल्या आईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. वृषाली अंथरुणातच बसून राहिली. गळ्यावर हात ठेवून पाहिला, गळा जागेवर होता. तिने पुन्हा प्रयत्न केला, या वेळी नुसता 'आ' काढून पाहिला, तोही निघेना; आणि तिला वाटलं, की मधली सगळी वर्षं कुणीतरी ओल्या फडक्याने पाटीवरून पुसून टाकलीत आणि ती पुन्हा पाचवीच्या वर्गात उभी आहे, बाईंनी नाव विचारलंय, 'व' ओठांवर येऊन बसलाय, पुढे सरकत नाही, मागे फिरत नाही, आणि अख्खा वर्ग त्या एका अक्षराकडे टक लावून बघतोय. मग तिचं तिलाच हसू आलं. आवाज बसला होता, एवढंच. पंधरवडाभर जीपच्या टपावरच्या कर्ण्यातून केकाटल्यावर दुसरं काय होणार? पार आळ्यापासून बेल्ह्यापर्यंत आणि बेल्ह्यापासून थेट अणे घाटाच्या पायथ्यापर्यंत, बाजाराच्या दिवशी तर बैलांच्या हंबरण्याच्या वर, 'जिल्हा परिषदेचे आपले लाडके उमेदवार राघूभाऊ, राघूभाऊ, राघूभाऊ, निशाणी कपबशी'. संपला होता तो आवाज. खर्चून झाला होता. खर्चायला आपल्याजवळ आवाज होता, या विचाराने तिला अंथरुणातच इतकं श्रीमंत वाटलं की ती उठली आणि गुळण्या न करताच चहा प्यायली.

भरतकाका, म्हणजे तिचा सख्खा चुलता, गावातल्या केंद्रावर पक्षाचं सगळं बघत होता. त्याचं एक ठरलेलं शास्त्र होतं. सकाळचं मत आपलं, दुपारचं मत देवाचं, संध्याकाळचं मत पाव्हण्यांचं. माणूस चहा पिऊन जो निघाला तो सरळ केंद्रातच गेला पाहिजे. एकदा का घरात टेकला की भाऊबंद येतात, तंबाखू मळतात, आणि रात्री दिलेला शब्द तंबाखूबरोबर थुंकला जातो. म्हणून मतदान सुरू व्हायच्या आधीच रांगेत आपली माणसं उभी दिसली पाहिजेत, आणि त्यातही बायका, कारण बायका एकदा रांगेत लागल्या की घरचं काम टाकून आलेल्या असतात, मत दिल्याशिवाय हलत नाहीत. ह्या बायकांना दारोदार जाऊन उठवायचं काम वृषालीचं होतं. आज कर्णा बंद, नुसता तोंडाचा आवाज. आणि नेमका तोच नव्हता. ती केंद्रापाशी पोचली आणि तिने खुणेनेच गळा दाखवला, तेव्हा जीपवाला भिका म्हणाला, कर्ण्याची वायर तुटली जणू. काकाने कपाळाला हात लावला, मग तिच्या डोक्यावर ठेवला, आणि शाळेच्या फाटकापासून बऱ्याच लांब, पोलिसाने चुन्याची रेघ मारली होती तिच्या अलीकडे, पक्षाच्या टेबलामागे तिला बसवलं. ही तिचीच शाळा, तिचंच मैदान. प्रिलिमला ती ज्या खोलीत भूमितीचा पेपर लिहीत होती त्याच खोलीत आज मतपेटी होती, आणि तिला मात्र रेघेच्या अलीकडे बसायचं होतं, कारण तिला अजून अठरा लागायचे होते. काका भिकाला जीपच्या फेऱ्या समजावून सांगत होता: आधी मळ्यातली घरं, मग ओढ्यापल्याडची, मग माळवाडी. भिकाने विचारलं, आणि वरली वाडी? काका यादीत बघत बघत म्हणाला, "वाडीवर डिझेल नको जाळू. वाडी गेली."

वाडी गेली. चार दिवसांपासून ती हे ऐकत होती, तरी दर वेळी तिला तो शब्द नवीनच टोचायचा. वाडी म्हणजे घाटाच्या कुशीतली मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती. आता बरेचजण शेतीच करतात, पण दोन-चार घरांत अजून मेंढरं आहेत, आणि घरं कितीही असली तरी वाडीचं डोकं एकच, ते म्हणजे कुशाबाई. म्हातारी जिकडे, वाडी तिकडे. हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. आणि काका तिच्या दारात जाऊन, खाटेवर बसून, तिच्या हातचं ताक पिऊन, औंदा कुणाला गं म्हातारे, असं विचारता झाला, तेव्हा म्हातारीने पदर सारखा केला, हसली, आणि म्हणाली, पोपटभाऊला की, आनखी कुणाला. पोपटभाऊ. म्हणजे पोपटशेठ, छत्रीवाले, समोरचे. काका ताक अर्धं ठेवून उठला. ज्या दारात ताक प्यायलं तिथेच तोंडावर असं सांगणारी बाई त्याने आजवर बघितली नव्हती, म्हणाला. पुन्हा विचारायची सोयच नव्हती. खेड्यात एवढं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे स्वतःच्या हाताने दुसऱ्या गालात मारून घेणं. ही गोष्ट मग छत्रीवाल्यांच्याही कानावर गेली, तेही चकित झाले, कारण त्यांनी तर वाडी कपबशीची धरून तिकडे एक पत्रकसुद्धा टाकलं नव्हतं. काकाला वाईट वाटलं ते मतांचं. वृषालीला जे वाटलं ते तिला कुणाला सांगता येईना. तिने स्वतःला समजावून पाहिलं, की लोकशाही आहे, ज्याचं मत त्याचं, नागरिकशास्त्रात तिने हेच उत्तर लिहून पाचपैकी पाच मार्क मिळवले होते. पण मनातलं पोरगं हटून बसलं होतं. माझ्या तोंडून निघालेलं नाव सोडून दुसऱ्याचं? तुझ्यामुळेच तर हे तोंड आहे, आज्जी.

कारण तोंड म्हातारीचंच होतं. पाचवीत वृषालीला सगळे कोकरू म्हणायचे. 'महाराष्ट्र' म्हणायचं म्हटलं की 'म, म, म' वरच गाडी अडायची आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'में' करून उत्तर द्यायचं. नाव तर आईबापांनी असं ठेवलेलं, की ते उच्चारायला भल्या माणसालाही ओठ जुळवावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई वाडीखालच्या मळ्यात कांदे काढायला जायची आणि वृषालीला बांधावर सोडायची, आणि बांधावरून कुशाबाई तिला मेंढरांमागे घेऊन जायची. म्हातारीलाही तिचं नाव येत नव्हतं, ती इशाली म्हणायची, आणि त्यामुळे दोघी सारख्याच झाल्या होत्या. पहिल्या दिवशी म्हातारीने काही विचारलं, वृषाली अडली, आणि म्हातारी थांबली. नुसती थांबली. शब्द पुरा करून दिला नाही, डोळे दुसरीकडे फिरवले नाहीत, 'हळू बोल बाळा' म्हणून जीव नकोसा केला नाही. एक मेंढी समोरच्या टेकाडावर गेली होती तिच्याकडे बोट करून म्हणाली, हिला हाळी घाल. वृषालीने मान हलवली. येत नाही. म्हातारी म्हणाली, "घाई कशाची? ती हाय पल्याडच्या टेकाडाव. तिच्यापातूर आवाजाला जायाचंय. लांब जायाचं म्हणल्याव पळून न्हाई भागत, चालत जायाचं." आणि वृषालीने तोंड उघडलं आणि आवाजाला चालत पाठवलं. 'आऽऽ' करून एक लांबलचक, काहीच अर्थ नसलेली हाळी दरीवरून गेली, कुठे ठेचकाळली नाही, अडखळली नाही, आणि पलीकडच्या टेकाडावर मेंढीने मान वर केली. मेंढीने मान वर केली! जगात कुणीतरी तिचं म्हणणं पहिल्यांदाच पहिल्या झटक्यात ऐकलं होतं. तो सगळा उन्हाळा ती हाळ्या घालत होती. मग हाळीत शब्द घालायला लागली, 'येऽऽ', 'माऽऽघारी', मग मेंढ्यांची नावं, मग म्हातारी दिसेनाशी व्हायची तेव्हा 'आऽऽज्जी', मग एक दिवस स्वतःचंच नाव. सातवीत तिने वर्गात कविता म्हटली. नववीत पेठच्या हायस्कुलातल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला, आंबेगावातल्या सगळ्या शाळा मागे टाकून, आणि ढाल घेऊन एसटीतून येताना खिडकीशी बसून तिला सारखं वाटत होतं की ही ढाल आधी वाडीवर न्यावी. नेली नाही. घरी आली, लोक जमले, पेढे झाले, राहिलंच. दर भाषणाच्या शेवटी ती 'सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून मी माझे दोन शब्द संपवते' म्हणत असे, अध्यक्षांचे, परीक्षकांचे, मंडपवाल्याचे. एकच माणूस राहून गेलं होतं. आणि गावाकडे आभार तरी कसे मानतात? मळ्यातून भाजी दिली तर कुणी आभार मानत नाही, रिकाम्या वाटीत मूठभर शेंगा घालून वाटी परत करतात. तिच्याजवळ घालायला शेंगाच नव्हत्या. होता तो आवाज, आणि तो तर म्हातारीचाच होता.

म्हणून तिने मनात ठरवलं होतं, की वाडीवरच्या कोपरा सभेत बोलताना शेवटी कुशाबाईचं नाव घ्यायचं, सगळ्यांच्या देखत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात म्हातारी पुढेच बसली होती, मांडी घालून, हातात काठी. वृषालीने सुरुवात केली, 'आपले राघूभाऊ', आणि म्हातारीने पदर कपाळावर ओढला. पुन्हा 'राघूभाऊंनी बंधाऱ्यासाठी', पुन्हा पदर. जितक्या वेळा नाव, तितक्या वेळा तो हात वर जायचा. वृषालीची नजर त्या हातावरच खिळली. हिला माझं बोलणं नको वाटतंय का? ती तोंड झाकतेय का? थंडी वाजत असेल म्हणून मनाची समजूत घातली, पण फेब्रुवारीचे दिवस होते आणि कुणालाच थंडी वाजत नव्हती. मग शेवट आला तेव्हा तिने गावकऱ्यांचे आभार मानले, भिकाचे मानले, पेट्रोमॅक्स ज्याने आणला त्या गेणूचे, म्हणजे म्हातारीच्या पुतण्याचेही मानले, आणि खाली उतरली. दुसऱ्याच दिवशी काका अर्ध्या ताकावरून उठून आला. त्यानंतर जीप घाटाखालून जायची तेव्हा वृषाली वाडीच्या दिशेने बघायचं टाळायची, आणि कर्ण्याचं तोंड मात्र मुद्दाम वर करून ठेवायला सांगायची. ऐकू दे. राग आला तर येऊ दे. संध्याकाळच्या शांत हवेत नाव घाटावर जाऊन आपटायचं आणि परत यायचं, राऽऽघूभाऊ, आणि तिला वाटायचं आपण भांडतोय.

टेबलामागे बसल्या बसल्या हे सगळं तिच्या डोक्यात फिरत होतं. समोर रांग वाढत होती, काकाच्या शास्त्राप्रमाणे पुढे बायका, हिरव्यागार लुगड्यांची एक लांब वेल. तिच्याकडे येऊन लोक चिठ्ठी मागत, ती मुकेपणानेच द्यायची, आणि लोक काहीतरी बोलून जायचे. एक म्हणाला, परीक्षेत नको बसू पोरी आता, सभापतीच हो. दुसरी म्हणाली, हिला गप बघून कससंच वाटतं गं बाई. तिला सगळ्यांचं कौतुक वाटत होतं. ही तीच माणसं, जी पूर्वी तिची दोन वाक्यं संपेपर्यंत तिसऱ्याशी बोलायला लागायची. शाळेच्या कुंपणापाशी पेरूची दोन झाडं आहेत, त्यावर राघू उतरले होते, अर्धे कुरतडलेले पेरू खाली टाकत, आणि ते बघताना तिला उगाचच आठवलं की म्हातारी राघूंना नेहमी पोपट म्हणायची. कणसांवर थवा बसला की सगळी वाडी ओरडायची, राघू आलं, राघू आलं. कुशाबाई एकटी ओरडायची, पोपट आलं. इतर सगळं बोलणं असं रांगडं, आणि तेवढा एकच शब्द पुस्तकातला. लहानपणी वृषालीने एकदा विचारलंसुद्धा होतं, आज्जी तू शाळेत गेली होतीस का? म्हातारी इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता.

आणि तेवढ्यात छत्रीवाल्यांचा टेंपो मैदानाच्या तोंडाशी येऊन थांबला. मागच्या बाजूला उभी होती ती सगळी वाडी. गेणू आधी उतरला, मग त्याने दोन्ही हातांनी धरून कुशाबाईला खाली घेतलं. पलीकडच्या टेबलावरचा एकजण खुर्चीवरून उठून काकाला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलला, या आज्जी, या, भरतभाऊ, तुमच्या कपबशीचा कान तुटला बघा. हॉटेलातून मागवलेला चहा लगेच आला, पाव्हणचाराला म्हणून ग्लासात न देता चांगल्या नक्षीच्या कपबशीतून, आणि वाडीने उभ्या उभ्या बशा फुंकल्या. काका यादीत तोंड खुपसून बसला. वृषालीने खाली बघितलं. जमिनीवर चुन्याची रेघ होती, तिच्यावरून मुंग्या चालल्या होत्या. मग रेघेवर एक काठी टेकली आणि काठीमागून दोन भेगाळलेली पावलं आली, आणि म्हातारी चक्क तिच्याच टेबलाशी, तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, हुश्श करून बसली. पलीकडचे बघतच राहिले. म्हातारी कंबर चोळत म्हणाली, "इशाली, तुझ्या पोपटभाऊचा टेंपो लई हादाळतो बाय. हाडं खिळखिळी झाली."

वृषालीला आधी वाटलं टोमणा आहे. म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे टोमणा नव्हता. घशातून जेवढी हवा निघाली तेवढ्या हवेवर तिने शब्द ठेवले, "माझा नाय तो आज्जी. तो आमच्या विरुद्धचा."

"आता गं बाय. मग पंधरवडाभर हाका कुणाला मारत व्हतीस?"

"राघूभाऊला," वृषाली कुजबुजली.

आणि म्हातारीचा हात वर गेला. पदर कपाळावर आला.

पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं, आणि ते असं, की पेरूवरचे राघू एकाच वेळी सगळे उडाले असं तिला वाटलं, खरं तर एकही उडाला नव्हता. तो हात तोंड झाकायला जात नव्हता. तिच्या आईचाही हात असाच जायचा, कुणी बाबांचं नाव घेतलं की. आईच्या नात्यातली एक तर 'सोमवार' म्हणत नसे, 'बाजाराचा वार' म्हणे, कारण नवऱ्याचं नाव सोमा. आणि ही बाई, नवरा जाऊन चाळीसच्या वर वर्षं झालेली, गावात कुणाला त्याचं नावसुद्धा आठवत नसेल, ही बाई अजून राघूंना पोपट म्हणत होती. काकाने विचारल्यावर तिने तेच केलं होतं जे ती रोज कणसं राखताना करायची. कपबशीच्या उमेदवाराचं नाव तिच्या तोंडात मावणारं नव्हतं, म्हणून तिने बाजूचं घेतलं. पोपटभाऊला की, आनखी कुणाला. जगात खरोखरीचा एक पोपटशेठ आहे, आणि तो निवडणुकीला उभा आहे, हे तिला सांगायला कुणी वाडीवर गेलंच नव्हतं, आणि टेंपो आल्यावर म्हातारी चढली म्हणून वाडीही चढली होती.

वृषाली तिच्या कानाला लागली आणि फुटक्या आवाजात जमेल तसं सांगितलं. म्हातारी ऐकत गेली, आणि तिचा चेहरा हळूहळू सुरकुत्यांच्या आतून उजळत गेला. म्हंजी त्या नावाचा खराच कोन हाय? आहे. आन् त्याचाच ह्यो टेंपो? त्याचाच. म्हातारीने बोळकं उघडलं आणि आवाज न करता हसायला लागली, खांदे गदगदा हलायला लागले, काठी हातातून पडली. वाटंत सारखं छत्री छत्री म्हणत व्हते, म्हणाली, मला वाटलं उन्हाचं म्हणत्यात. मग तिने डोळे पुसले, नावाम्होरलं काय ध्यानातच न्हाई ऱ्हायलं म्हणाली, आणि विचारलं तुझी निशाणी कंची, आणि वृषालीने बोटानेच दाखवलं, पलीकडच्या टेबलावर वाडीने रिकाम्या करून ठेवलेल्या होत्या त्याच. म्हातारी उठली. छत्रीवाले कान टवकारून होते, काका यादीतून डोकं वर काढून बघत होता, पोलीस शेजारीच उभा. ती तिथूनच गेणूला म्हणाली, "गेणू, चा कशातून प्यालो रं आपुन?"

"कपबशीतून की चुलती."

"ज्याचं प्यालो त्याला जागायचं बघ. समद्यांनी."

छत्रीवाल्यांनी खुशीने माना डोलावल्या. गेणू क्षणभर म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याची नजर टेबलावरच्या कपबश्यांवर गेली, तिथून वृषालीवर आली, आणि तो मिशीत हसला. वाडी रांगेत गेली. कुणाचं नाव घ्यायचं नसताना ते नाव नेमकं कसं पोचवायचं, याचा जन्मभर रियाज केलेली बाई होती ती. वृषालीला वक्तृत्वाची ढाल आठवली आणि लाज वाटण्याऐवजी तिला आनंदच झाला, आपण कुणाच्या शाळेत होतो ते आत्ता कळल्यासारखा.

रांग सरकत होती. म्हातारी व्हरांड्याच्या पायऱ्या चढली आणि खोलीत दिसेनाशी झाली, आणि मग बराच वेळ बाहेर आलीच नाही. तिच्या मागचे लोक खोळंबले, माना वाकड्या करून आत बघायला लागले. काका उठून रेघेपर्यंत गेला आणि परत आला. वृषालीच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. आणि तेव्हा खोलीच्या खिडकीतून, गजांमधून, मैदान ओलांडून, चुन्याची रेघ ओलांडून, एक हाळी आली.

"राऽऽऽघूऽऽऽ!"

पेरूवरचे राघू आता खरोखरच उडाले. छत्रीवाले खुर्च्या सरकवून उठले, प्रचार, केंद्रात प्रचार म्हणत. पोलीस काठी सावरत धावला. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि वृषाली मात्र उभी राहून दोन्ही हात टेबलावर टेकवून नुसती ऐकत होती, कारण हाळी संपली तरी ती घाटावर जाऊन येईपर्यंत वेळ लागतो, आणि तिला ती परत येताना ऐकायची होती. आत काय झालं ते नंतर भिकाने सांगितलं, तो रांगेत पुढेच होता. यादीत कुशाबाई दोन होत्या, आडनाव एकच. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. म्हातारीने पदर ओढला. पुन्हा विचारलं, तर ती 'पोपट' की कायतरी म्हणाली, तसं साहेब म्हणाले असं चालत नाही आज्जी, नाव सांगा, नाहीतर मत देता येणार नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. भिका म्हणाला, मला वाटलं ही आता माघारी फिरती, वाडीबी फिरती. मग तिने ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलं, आणि साहेब कानाला हात लावून म्हणाले, मोठ्यांदा सांगा. तर झालं. तिला मोठ्यांदा म्हणजे एकच ठाऊक. साहेब खुर्चीवरून उठले, उमेदवाराचं नाव घेऊ नका, गुन्हा आहे म्हणाले. आणि कुशाबाई म्हणाली, "उमेदवार ऱ्हाऊ द्या तुमचा. मालक हायेत माझे." साहेबांनी यादीत पाहिलं, खाली बसले, आणि स्वतःच्या हाताने शाई लावली.

पुढे राघूभाऊ अगदी थोडक्यात निवडून आले, काकाने वाडीची मतं मोजून सगळ्या तालुक्याला सांगितली, आणि त्यातलं सगळं श्रेय सकाळच्या फेऱ्यांना दिलं. ते असो. त्या वेळी म्हातारी पायऱ्या उतरून सरळ टेबलापाशी आली आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसली. धाप लागली होती. शाई लागलेलं बोट तिने दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं बाजूला धरलं होतं. वृषालीने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर म्हातारी मैदानाकडे बघत बोलायला लागली, हलक्या आवाजात, पोरीला म्हणून नव्हे, तांब्याला सांगावं तसं.

"माळशेजच्या अंगाला मेंढरं घेऊन गेल्तो. लई धुकं. मालक म्होरं व्हते ते दिसंना झाले, ते कायमचेच. मी हाका मारल्या. अवोऽ, अवोऽ. दुसरं काय म्हणनार? नाव तर तोंडात न्हवतं माझ्या. अवो म्हणल्याव धुक्यात कोन ओ दील गं? समदी बायकामानसं अवोच म्हणत्यात." तिने तांब्या खाली ठेवला. "तू पंधरवडाभर सांजच्याला नाव घेऊन हाका मारत व्हतीस. घाटापातूर जायाची. मी दारात बसून ऐकायची. म्हणलं, बरं झालं. कुणीतरी नावानं मारली."

वृषालीला वाटत होतं आपण भांडतोय. तिच्या डोळ्यांपुढे ती जीप आली, वर केलेला कर्णा, उतरतं ऊन, आणि दारात बसलेली बाई, दर हाकेला पदर सारखा करणारी. आपण वाटी परत करत होतो, आपल्याला ठाऊकही नव्हतं. तिला आभार मानायचे होते, सगळे, पाचवीपासूनचे, मेंढीने मान वर केली त्याचे, शब्द पुरा करून दिला नाही त्याचे. तिच्याजवळ त्यासाठी अतिशय सुंदर वाक्यं होती, पाठ होती, आणि गळ्यात हवेशिवाय काही नव्हतं. तिने म्हातारीचा शाईचा हात दोन्ही हातांत धरला. म्हातारी म्हणाली, सोड, डाग पडंल तुला, अजून तुझं वय न्हाई.

काका आता टेबलापाशी येऊन आज्जी आज्जी करत होता, जीप देतो म्हणत होता. छत्रीवाल्यांचा टेंपोही तयारच होता, त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. म्हातारीने दोन्ही नाकारले. आलं तवा लई हादाळलं, पायानंच जाती म्हणाली, आणि काठी टेकत वाडीच्या वाटेला लागली. मैदान, मग ओढा, मग पायवाट, मग टेकाडाचा चढ. वृषाली रेघेपाशी उभी राहून बघत होती. लुगड्याचा लाल ठिपका लहान होत चालला. तिला वाटलं, आता गेली तर परत राहूनच जाईल, दहावी आहे, मग पुण्याचं कॉलेज आहे, राहूनच जाईल. ती मैदानातून धावत सुटली, ओढ्यापर्यंत आली, तिथे थांबली. पळून भागत नाही. तिने श्वास घेतला. आज्जी म्हणून हाक मारली तर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या वळल्या असत्या. सासरी आल्यापासून हिला हिच्या नावाने दुरून कुणी हाक मारली असेल का? माणसं हिच्याबद्दल बोलताना कुशाबाई म्हणत, तिला हाक मारताना कुणी चुलती म्हणे, कुणी आज्जी, कुणी म्हातारे. आणि तो? तोही 'अगं'च म्हणत असणार.

तिने तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा आवाज चालत पाठवला.

"कुऽऽशाऽऽबाऽऽई!"

फाटका होता, मध्ये दोनदा विरला, एकदा तर नुसती हवा गेली, पण कुठे अडखळला नाही. ओढ्यावरून गेला, पायवाटेने चढला. टेकाडावरचा लाल ठिपका थांबला. वळला.

आणि वरून, हाकेला द्यावी तशी, लांब, निवांत, ओ आली.